वऱ्हाडातून निघताना : मोठे शहर की लहान गाव?

बडनेरा हे अमरावतीचे बाहेर जाण्याचे दार आहे. हावडा-नागपूर-मुंबई हा मुख्य लोहमार्ग अमरावती शहरात येत नाही. तो दहा किलोमीटरवरच्या बडनेऱ्याहून सरळ अकोल्याकडे निघून जातो. कापसाच्या गाठी वाहायला शहरापर्यंत एक फाटा टाकला गेला आणि त्या फाट्याच्या टोकाला अमरावतीचे स्थानक उभे राहिले. आज तिथून मुंबईची गाडी सुटते, १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईला विमानही जाऊ लागले. तरी लांबच्या बहुतेक गाड्यांसाठी अमरावतीकराला बडनेराच गाठावे लागते.

कोकणातल्या मुस्लिम घराण्यांत परदेशाची वाट जुनी आहे. तिथे आजोबा जहाजावर, मुलगा आखातात आणि नातू कुठे आफ्रिकेत, कुठे विलायतेत असतो. आम्हा वऱ्हाडी मुसलमानांचे तसे नाही. आमची माणसे जिनिंगमध्ये, मागावर, गॅरेजमध्ये, ट्रकवर आणि बाजार समितीत रमली. शिकलेली मुले नागपूर-पुण्याला गेली, काही सौदी-दुबईला. आखातात पैसा मिळाला, पण तिथला मुक्काम नोकरीला बांधलेला असतो. करार संपला की बहुतेकांना बॅग भरावी लागते. वीस-वीस वर्षे राबून परत आलेली आणि गावात पुन्हा नवखी झालेली माणसे आमच्या मोहल्ल्यातही आहेत.

गेल्या काही वर्षांत नागपुरी गेटच्या चहाच्या टपरीपासून अकोल्याच्या लग्नघरापर्यंत नवे शब्द ऐकू येतात : ‘रीजनल’, ‘स्पॉन्सरशिप’, ‘पीआर’. आयटीआय झालेली, इंजिनिअरिंग केलेली, नर्सिंग शिकलेली मुले-मुली ते बोलतात. आई-वडिलांना एवढेच कळते की मूल लांब जाणार, आणि तेही सिडनी-मेलबर्नला नव्हे, तर नकाशावर शोधावे लागेल अशा गावी. दिवाळीच्या सुटीत आम्ही दोघे याच कामासाठी अमरावतीहून अकोल्याला गेलो. नात्यातल्या एका घरात असाच प्रश्न आला होता आणि ‘तुम्ही मास्तर लोक, कागद वाचून सांगा’ असा निरोप होता. त्या निमित्ताने जे वाचले, पाहिले आणि बोललो, ते वाचक घरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

रस्ता मोठा गमतीचा आहे. अमरावती-अकोला महामार्गाचे हाल वऱ्हाडात कुणाला ठाऊक नाहीत? वर्षानुवर्षे खड्डे आणि धूळ. मग जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधील दोहाचा होता. ज्या आखातात आमची माणसे रस्ते बांधायला गेली, त्याचा विक्रम लोणी आणि माना या आमच्या गावांदरम्यान मोडला गेला. एसटीत शेजारी बसलेले काका म्हणाले, “काऊन बाप्पा, इथं कामं नाहीत म्हणून पोरं जातात, अन् कामं निघाली की बाहेरचे मजूर येतात!” त्यांचे म्हणणे पूर्ण खरे नसेल, पण त्यात वऱ्हाडाचे दुखणे आहे.

पुढे मूर्तिजापूर लागते. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ इथूनच निघायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापूस वाहण्यासाठी ती टाकली गेली. कापूस मुंबईला आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना गेला. म्हणजे आमच्या भागातून आधी माल परदेशी गेला, माणूस शंभर वर्षांनी निघाला.

आता त्या घराचा प्रश्न. मुलगा चौतीस वर्षांचा, आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक, ट्रॅक्टर आणि अवजड यंत्रांवर बारा वर्षे हात बसलेला. पत्नी अकोल्यात एका अनुदानित उर्दू शाळेत शिक्षिका. दोन मुले. घरात अब्बा आणि अम्मी. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याच्या कापूसपट्ट्यातील एका लहान गावात शेतीयंत्रे दुरुस्त करणारा एक मालक त्याला नेमायला तयार आहे. दुसरीकडे मित्र सांगतात, ‘थांब, गुण वाढव, मेलबर्नचा व्हिसा मिळव, थेट पीआर घे.’

आधी नियम समजून घेऊ. ऑस्ट्रेलियाने १६ नोव्हेंबर २०१९ पासून लहान शहरे आणि ग्रामीण भागासाठी कुशल कामगारांचे दोन नवे व्हिसा सुरू केले. क्रमांक ४९१ हा गुणांवर चालतो. राज्य सरकारने नामांकन दिले किंवा तिथे राहणाऱ्या पात्र नातेवाइकाने पुरस्कार केला की पंधरा गुण जास्त मिळतात. क्रमांक ४९४ मालकाच्या पुरस्कारावर चालतो. त्यासाठी त्या व्यवसायाचा किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, कौशल्याची तपासणी, इंग्रजीची परीक्षा आणि साधारणपणे पंचेचाळीसच्या आतले वय लागते. दोन्ही व्हिसांची मुदत पाच वर्षे. त्यातली तीन वर्षे ठरलेल्या भागात राहून, काम करून, कर भरून पूर्ण केली की १९१ क्रमांकाचा कायम वास्तव्याचा व्हिसा मागता येतो. तो नोव्हेंबर २०२२ पासून सुरू झाला.

‘रीजनल’ म्हणजे फक्त खेडे नव्हे. सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे सोडली तर जवळजवळ सारा देश त्यात येतो. पर्थ आणि ॲडलेडही येतात आणि ही दोन्ही दहा लाखांवर वस्तीची शहरे आहेत. २०११ च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या आसपास आणि अकोला सव्वाचार लाखांचे होते. म्हणजे तिथले काही ‘रीजनल’ आमच्या ‘मोठ्या शहरा’हून मोठे आहे. पण कापूसपट्ट्यातील गावे काही हजार वस्तीची. आमचे अंजनगाव सुर्जी त्यांच्यापुढे शहर वाटेल.

मेलबर्नची वाट पाहण्याची किंमत वयात मोजावी लागते. गुणांच्या तक्त्यात २५ ते ३२ वयाला ३० गुण, ३३ ते ३९ ला २५ आणि ४० ते ४४ ला फक्त १५ गुण आहेत. किमान ६५ गुण लागतात, पण बोलावणे बहुतेकदा त्याहून वरच्यांनाच येते. महानगराच्या दिशेने नेणाऱ्या राज्य नामांकनाला, म्हणजे १९० क्रमांकाला, फक्त ५ गुण मिळतात. इंग्रजीचे गुण मेहनतीने वाढतात, वयाचे गेलेले गुण परत येत नाहीत.

मालकाच्या वाटेतला धोकाही तितकाच खरा आहे. ४९४ वर माणूस एका मालकाशी बांधला जातो. नोकरी गेली किंवा सोडली तर नवा पुरस्कर्ता शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात. तीन वर्षे भरेपर्यंत महानगराकडे वळणारे बहुतेक दुसरे कायम व्हिसा तिथून मागता येत नाहीत. म्हणून पुरस्कार करणारा मालक कोण, त्याचा धंदा किती जुना, करारात पगार, कामाचे तास आणि घरभाडे यांबद्दल काय लिहिले आहे, हे लग्नात मुलाकडची चौकशी करतो तितक्या बारकाईने पाहायला हवे. सरकारने ठरवलेली पगाराची किमान पातळी १ जुलै २०२५ रोजी वर्षाला ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. रुपयांत हा आकडा चाळीस लाखांवर जातो आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पण तिथे खर्चही डॉलरमध्येच होतो. कर जातो, भाडे जाते, आणि लहान गावात मोटारीशिवाय किराणाही आणता येत नाही.

पैशाची दुसरी गोष्ट मध्यस्थांची. या मुलाला एका मध्यस्थाने पुरस्काराच्या पत्रासाठी वेगळी मोठी रक्कम मागितली होती. सगळ्या घरांनी हे लक्षात ठेवावे की व्हिसाच्या पुरस्कारासाठी पैसे देणे-घेणे हा डिसेंबर २०१५ पासून ऑस्ट्रेलियात गुन्हा आहे. पुरस्कार करणाऱ्या मालकाला भरावा लागणारा प्रशिक्षण निधीही त्यानेच भरायचा असतो, कामगाराकडून वसूल करायचा नसतो. इकडे आपल्या देशात १९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार परदेशी भरती करणाऱ्या एजंटाची सरकारकडे नोंदणी लागते आणि त्याला तीस हजार रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ‘पत्र आणून देतो, दहा लाख तयार ठेवा’ म्हणणाऱ्याला दारातूनच सलाम करावा. व्याजाच्या कर्जाने ही वाट सुरू करू नये, हे तर आम्ही सांगायलाच नको. त्या घराने भिशी उचलली, एक जुनी मोटारसायकल विकली, आणि सुनेच्या दागिन्यांना हात लावायचा नाही असे अम्मींनीच ठरवले.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठावर असदगडाचे बुरूज आहेत. औरंगजेबाच्या काळातील असदखानाचे नाव त्या किल्ल्याला लागले. नदीत आता पाण्यापेक्षा गाळ जास्त. शहराला लागून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, २० ऑक्टोबर १९६९ रोजी स्थापन झालेले. त्याच्या शेतांवरून जाताना तो मुलगा म्हणाला, “मामूजान, तिकडची मातीही अशीच आहे, काळी. उन्हाळ्यात भेगा पडतात.” आम्ही नंतर वाचून पाहिले, ते खरे आहे. नॅराब्राय आणि मोरी या भागांतील जमीन आमच्यासारखीच काळी, चिकण, भेगाळणारी आहे, आणि नॅराब्रायजवळ ऑस्ट्रेलियाची कापूस संशोधन संस्था आहे. फरक ऋतूंचा आणि हातांचा. तिथे ऑक्टोबरच्या सुमारास पेरणी होते आणि आमच्याकडे उन्हाळा तापतो तेव्हा वेचणी. आमच्याकडे बाया ओटी बांधून कापूस वेचतात, तिथे ते काम अवाढव्य यंत्रे करतात. ती यंत्रे हंगामात एक दिवस बंद पडली तरी मोठे नुकसान होते. म्हणूनच तिथल्या मालकाला पत्ता नसलेल्या वऱ्हाडातला डिझेल मेकॅनिक हवा आहे. त्यात उपकार कुणाचाच नाही. एकाला हुन्नर हवा आहे, दुसऱ्याला ठिकाण.

रात्री दस्तरखानावर सगळे बसले. अब्बा फार बोलले नाहीत. अम्मींनी एकच प्रश्न विचारला, “बेटा, तिथे कुणाचा जनाजा उठला तर खांदा द्यायला चार माणसे मिळतात का?”

त्यावर कुणी लगेच बोलले नाही. परदेशाच्या सगळ्या चर्चांत पगार निघतो, हवा निघते, शाळा निघतात. हा प्रश्न फक्त आई विचारते.

उत्तर इतिहासात आहे. ऑस्ट्रेलियाच्या लहान गावांत मुसलमान आज पहिल्यांदा जात नाहीत. १८६० मध्ये तिथल्या एका मोठ्या शोधमोहिमेसाठी कराचीहून उंट नेले गेले आणि त्यांच्यासोबत उंटवाले गेले. पुढे सिंध, बलुचिस्तान, पंजाब, पेशावर आणि अफगाणिस्तानातून आणखी गेले. तिथल्या लोकांनी सगळ्यांना ‘अफगाण’ म्हटले. तारायंत्राचे खांब, रेल्वेचे साहित्य, लोकरीच्या गाठी, सारे त्यांच्या उंटांनी वाळवंटातून वाहिले. आजही तिथल्या प्रसिद्ध रेल्वेगाडीचे नाव ‘घान’ आहे. मारी नावाच्या वाळवंटी वस्तीत त्यांनी १८८० च्या दशकात मातीची मशीद बांधली आणि १८८८-८९ मध्ये ॲडलेडची मशीद. खाणींच्या ब्रोकन हिल गावातील त्यांची छोटी मशीद आज संग्रहालय म्हणून जपली आहे.

पण त्यांच्या नशिबी कायमचे ठिकाण नव्हते. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद झाले आणि १९०३ च्या कायद्याने आशियाई माणसाला तिथले नागरिकत्व मागता येईना. अनेकांना बायका-मुले आणता आली नाहीत. चाळीस-चाळीस वर्षे त्या मातीत घाम गाळून ते परकेच राहिले. आजच्या मुलाला मिळत असलेल्या कागदाचे मोल या माणसांकडे पाहून कळते. तीन वर्षे काम करा, कुटुंबासह राहा आणि मग कायम राहण्याचा हक्क मागा, असे त्यांना कुणी कधी म्हटले नाही.

नंतरच्या काळातही लहान गावांतच वस्त्या झाल्या. व्हिक्टोरियातील शेपर्टनच्या फळबागांत अल्बेनियाचे मुसलमान आले आणि त्यांनी तिथे मशीद बांधली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील चार-एक हजार वस्तीच्या कॅटॅनिंग गावात हलाल मांसाच्या कारखान्यामुळे ख्रिसमस आणि कोकोस बेटांवरचे मलय मुसलमान स्थायिक झाले. त्यांची मशीद, जुमा आणि कब्रस्तान सारे तिथेच आहे. कॅनडाच्या अगदी उत्तरेला इनुविक गावात, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तिथल्या मूठभर मुसलमानांसाठी २०१० मध्ये विनिपेगला तयार केलेली मशीद ट्रकने आणि नंतर नदीतून तराफ्यावर सुमारे चार हजार किलोमीटर नेली गेली. कॅनडानेही प्रांतांच्या नामांकनाचा मार्ग ठेवला आहे, आणि अटलांटिक किनाऱ्यावरच्या चार प्रांतांसाठी २०२२ पासून मालकाच्या प्रस्तावावर कायम वास्तव्य देणारा वेगळा कार्यक्रम आहे. तिथे सुरुवातीलाच पीआर मागता येतो.

तरी प्रत्येक गावाला कॅटॅनिंग समजू नये. जायच्या आधी त्या गावापासून सर्वांत जवळची मशीद किती किलोमीटरवर आहे, हलाल मांस कुठून येते, जुम्याला सुटी मागता येईल का, मुलांच्या दीनी तालीमचे काय, हे नोकरीच्या कागदाइतकेच विचारून घ्यावे. आमच्या नात्यातल्या मुलाने तिथल्या दोन-तीन मुस्लिम कुटुंबांचा शोध घेतला. एक कुटुंब केरळचे निघाले, एक बांगलादेशचे. ते एकमेकांच्या घरी जमाअत करतात आणि ईदला मोठ्या शहरात जातात. अम्मींना त्यांच्याशी फोनवर बोलवून दिले. भाषा एकमेकींची फारशी कळली नाही, पण बोलणे अर्धा तास चालले.

सुनेचा प्रश्न वेगळा होता आणि तो तिने शांतपणे मांडला. अनुदानित शाळेतली जागा मिळायला आठ वर्षे गेली, ती एका सहीने सोडायची का? तिला आम्ही आमच्या क्षेत्रापुरते सांगू शकलो. ऑस्ट्रेलियात शिक्षिका व्हायचे तर पदवी आणि बी.एड. मिळून किमान चार वर्षांचे शिक्षण, प्रत्यक्ष अध्यापनाच्या सरावाचा दाखला, आणि कौशल्य तपासणीसाठी आयईएलटीएस परीक्षेत वाचन-लेखनाला ७ आणि ऐकणे-बोलण्याला ८ गुण लागतात. त्यावर राज्याची नोंदणी वेगळी. उर्दू माध्यमात शिकलेल्या मुलीला हे अशक्य नाही, पण दोन वर्षांची तयारी आहे. आम्ही सुचवले की राजीनामा देऊ नये, नियमात बसेल तितकी असाधारण रजा मागावी आणि इंग्रजीचा अभ्यास आजच सुरू करावा. नवऱ्याच्या व्हिसावर पत्नीलाही तिथे काम करता येते, पण वर्गाबाहेरचे कुठलेही काम करायची मनाची तयारी आहे का, हे तिनेच ठरवायचे. ती नुसती सोबत जाणारी नाही, तिच्याही बारा वर्षांच्या नोकरीचा हा निर्णय आहे.

आणि अब्बा-अम्मी? इथे गोड बोलून उपयोग नाही. वृद्ध आई-वडिलांना कायमचे बोलावण्याच्या तिथल्या रांगा दशकांच्या आहेत. ते पाहुणे म्हणून जाऊ शकतात, राहायला नाही. पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे, भारतीय पासपोर्ट तसाच राहतो आणि येणे-जाणे मोकळे राहते. पण कापसाच्या हंगामात मेकॅनिकला सुटी मिळत नाही आणि आजार हंगाम पाहून येत नाही. आई-वडिलांचा हक्क पैसे पाठवून पूर्ण होत नाही. ज्या घरात दुसरा मुलगा किंवा मुलगी जवळ नाही, त्या घराने ही वाट दहा वेळा तपासावी. या घरात धाकटी बहीण अकोल्यातच आहे. तिने जबाबदारी घेतली, आणि भावाने लिहून दिले की दर महिन्याचा खर्च त्याचा आणि घराचा वाटा तिचा. मोठ्यांसमोर हे लिहून ठेवले याचा आम्हाला विशेष आनंद झाला.

‘परक्याच्या पुरस्कारावर जायचे म्हणजे कमीपणा नाही का?’ असा एक सूर त्या रात्री निघाला. आमच्या मते नाही. ताइफहून जखमी होऊन परतताना प्रेषित मुहम्मद (स.) मक्केत शिरले ते मुतइम बिन अदी यांच्या संरक्षणाखाली, आणि मुतइम मुसलमान नव्हते. प्रेषितांनी (स.) तो उपकार पुढे बद्रनंतरही आठवला. मदिनेत प्रत्येक मुहाजिराला एक अन्सार भाऊ मिळाला. सअद बिन रबीअ (रजि.) यांनी अर्धी संपत्ती देऊ केली, तेव्हा अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी आभार मानून फक्त बाजाराचा रस्ता विचारला. आधार घेण्यात कमीपणा नाही. आधार मिळाल्यावर आपण काय मागतो, अर्धी संपत्ती की बाजाराचा रस्ता, यावर माणसाची किंमत ठरते.

आणि आमचे वऱ्हाड तरी कुणी घडवले? अचलपूरहून इथे राज्य करणाऱ्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्लाह इमादुल्मुल्क मूळचा विजयनगरच्या मुलखातला, लहानपणी पकडून आणलेला. बाळापूरची खानकाह, तिथले पागोटी विणणारे आणि कागद बनवणारे यांच्यातही कितीतरी घराणी बाहेरून, कुणाच्या तरी आश्रयाने आलेली. तीन पिढ्यांनी ती वऱ्हाडी झाली. आज त्यांना परके म्हणणारा वेडा ठरेल.

त्या घराने होकार दिला आहे. अटी चार : मुलगा एकटा जाणार नाही, चौघे मिळून जातील, व्याजाचा पैसा लागणार नाही, करार आधी वाचून मगच सही, आणि तीन वर्षे पूर्ण झाल्यावर पुन्हा सगळे याच दस्तरखानावर बसून पुढचे ठरवतील. कौशल्याच्या तपासणीचा अर्ज गेला आहे. सुनेने इंग्रजीची वही घातली आहे आणि अब्बा तिच्याकडून रोज पाच शब्द शिकतात. पाहुणे म्हणून का होईना, एकदा ती काळी माती पाहायची आहे म्हणतात. अल्लाह त्यांच्या आणि अशा सगळ्या घरांच्या निर्णयांत बरकत देवो.